सामाईक खात्यातला वेळ

जास्त पगार घ्यावा की घरच्यांसाठी जास्त वेळ ठेवावा, हा प्रश्न आमच्या गावाला तसा नवा आहे. माझ्या आज्याला कुणी तो विचारला असता तर त्याला कळलाच नसता. त्याचं घर आन् त्याचं काम एकाच बांधाच्या आत होतं. तो औत हाकायचा, आजी मागं पेरायची, पोरं बांधावर आन् म्हातारी खळ्याच्या राखणीला. भांडायचं तेही तिथंच आणि जेवायचं तेही तिथंच. घराचा वेळ निराळा आणि कामाचा वेळ निराळा, अशी वाटणी झाली ती नोकरी आल्यावर.

आमच्या नाशिक जिल्ह्यात ही वाटणी टप्प्याटप्प्यानं आली. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस १९२५ साली सुरू झाला, नोटांचा प्रेस १९२८ साली. ओझरला विमानाचा कारखाना १९६४ साली उभा राहिला. मग सातपूर आणि अंबडची एमआयडीसी वाढली. कादवा काठच्या आमच्या गावांतून माणसं डबा घेऊन सायकलीवर निघायला लागली, मग लुनावर, मग मोटारसायकलीवर. आता गावात असं घर शोधावं लागेल, ज्या घरातला एकही माणूस दुसऱ्याच्या घड्याळावर चालत नाही.

त्यामुळं हा प्रश्न आता पारावर, लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या ओट्यावर सगळीकडं निघतो. त्याला दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणतो, "अंगात रग आहे तोवर कमवून घे, वेळ काय म्हातारपणी भरपूर मिळतो." दुसरा म्हणतो, "पैसा वर घेऊन जायचाय का? पोरांना वेळ द्या." दोघंही छातीठोक बोलतात. मला ही दोन्ही उत्तरं अर्धीच वाटतात. अर्धी का, ते जरा सावकाश सांगतो.

आधी वेळाची बाजू घेणाऱ्यांचं बघू. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा-बारा वर्षांचा होतो. विहिरीनं तळ गाठला होता आणि शेतात काडीचं काम नव्हतं. वडील दिवसभर घरी. आजच्या भाषेत बोलायचं तर कुटुंबासाठी वेळच वेळ. पण तो वेळ कसा होता? वडील ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसायचे. आम्ही पोरं जवळ गेलो की उठून बांधाकडं चालायला लागायचे. जवळ आलेलं पोरगं भाकर मागंल, ही धास्ती त्यांना असायची. पुढं खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं. आई-वडील दोघंही जायला लागले. पहाटे निघायचे, दिवस बुडाल्यावर यायचे. मजुरी मिळायची, सुकडी मिळायची. वेळ गेला, पण संध्याकाळी वडील आमच्याशी बोलायला लागले. आम्हाला जवळ घेऊन दिवसभरात किती ब्रास खडी झाली, मुकादम काय म्हणाला, ते सांगायला लागले.

तेव्हापासून माझं एक मत झालं ते झालंच. घरात दाणा नसताना मिळालेला वेळ हा वेळच नसतो. तो नुसता घोर असतो. पोटाच्या रेषेखाली जो आहे त्याला "पोरांना वेळ दे" म्हणून सांगणं हे शहाणपण नव्हे, ती थट्टा झाली. नांदगावकडून, नगर-बीडकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी जोडपी बघा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. लेकरं एकतर पाचटात वाढतात नाहीतर गावाकडं आजी-आज्याजवळ राहतात. त्यांच्या लेकरांसाठी साखरशाळा काढाव्या लागल्या, हंगामी वसतिगृहं काढावी लागली. त्या माणसाला कुणी विचारलं का, की बाबा तुला पगार पाहिजे की वेळ? निवड करायला दोन गोष्टी हातात असाव्या लागतात. त्याच्या हातात एकच आहे, आन् तीही उचल म्हणून आधीच खर्च झालेली.

तेव्हा हा प्रश्न ज्याचा पोटापुरता भागलेला आहे त्याचाच आहे. आता त्याचं बघू.

कारखान्यातल्या माणसाला वेळ विकायचा रस्ता कायद्यानंच आखून दिला. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यावर काम घेतलं तर दुप्पट दरानं मजुरी द्यायची असं ठरवलं. कायद्याचा हेतू चांगला होता. दुप्पट द्यावे लागतील म्हटल्यावर मालक जादा काम घेताना दहादा विचार करील, माणसाला विसावा मिळेल. पण झालं असं, की कामगारच त्या दुपटीची वाट बघायला लागला. आमच्याकडं त्याला ओटी म्हणतात. "ओटी लागली का?" हा सातपूर-अंबडच्या पोरांचा रामराम झालाय.

ओटीत वाईट काही नाही. घराचा स्लॅब ओटीवर पडतो, बहिणीचं लग्न ओटीवर होतं. २०१६ सालच्या नोटाबंदीत तर नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये कामगारांनी रविवारसुद्धा पाहिले नाहीत, देशाला नोटा पाहिजे होत्या. अडीनडीला माणूस जास्त राबतोच. अडचण पुढं येते. तीन-चार महिने ओटी मिळाली की माणूस तो पगारच धरून चालतो. मग त्यावर मोटारसायकलीचा हप्ता बसतो, त्यावर फ्लॅटचा हप्ता बसतो. आधी ओटी वरकड होती, आता तिच्याशिवाय घर चालत नाही. म्हणजे ज्या माणसाला निवड होती, त्यानं आपल्या हातानं उचल घेतली आणि तो त्या फडावरच्या जोडप्याच्या रांगेत जाऊन बसला. फरक इतकाच, की त्याच्या मुकादमाचं नाव बँक आहे.

ह्याच्याही पुढचा नमुना बघायचा असेल तर पंचवटी एक्सप्रेसचा बघावा. १९७५ च्या नोव्हेंबरात ही गाडी सुरू झाली. मनमाडहून पहाटे निघते, सातच्या सुमारास नाशिकरोडला येते, कसाऱ्याचा घाट उतरून साडेदहा-अकराच्या दरम्यान मुंबईला पोचते, आन् संध्याकाळी तिकडून निघून रात्री दहाच्या आसपास नाशकात परत. ह्या गाडीनं रोज मुंबईला नोकरीला जाणारी माणसं आहेत. त्यांचा पासधारकांचा डबा असतो. डब्यात भजन होतं, वाढदिवस होतात, दसऱ्याला गाडीला तोरण बांधून पूजा होते. एक गावच आहे ते, रुळांवर चालणारं.

मी एकदा बसल्या बसल्या हिशोब केला. जाता-येता साडेसात तास धरले आणि वर्षाचे अडीचशे दिवस धरले, तर १८७५ तास होतात. चोवीस तासांचा एक दिवस धरला तर वर्षातले ७८ दिवस आणि ७८ रात्री माणूस गाडीत असतो. अडीच महिने! हा आकडा ऐकून कुणीही म्हणेल, किती वाया. पण एका पासधारकानं मला दुसरी बाजू सांगितली. ते म्हणाले, "मुंबईत खोली घेऊन राहिलो असतो तर सोमवार ते शुक्रवार घर दिसलं नसतं. मी साडेसात तास गाडीत घालतो ते रात्री दहाला का होईना, माझ्या दारात चप्पल काढायला मिळावी म्हणून." म्हणजे तो माणूस पगारासाठी वेळ देत होता आणि घरासाठीही वेळच देत होता. बाहेरून बघणाऱ्याला एकच गाडी दिसते. आत बसलेल्याचा हिशोब निराळा असतो. म्हणून कुणाच्या निवडीवर पारावर बसून निकाल द्यायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

मग निकाल द्यायचा नाही तर बोलायचं काय? एक गोष्ट मात्र बोलता येते, आणि ती आम्हा शेतकऱ्यांना सातबाऱ्यानं शिकवली आहे.

सातबाऱ्यावर चार भावांची नावं असली आणि वाटप झालेलं नसलं, की त्याला सामाईक खातं म्हणतात. एका भावाला पैशाची नड आली, त्यानं जमीन विकायला काढली, तर घेणारा पहिला प्रश्न काय विचारतो? "बाकीच्यांची संमती आहे का?" विकणारा शपथेवर सांगतो की मी घरासाठीच विकतो आहे, दारूसाठी नाही. घेणारा तरी सह्या मागतो. हेतू चांगला असला म्हणून सह्या माफ होत नाहीत. हेतू आणि हक्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गावातल्या अडाणी माणसालासुद्धा कळतं.

माझं म्हणणं असं, की लग्न झालं, पोरं झाली, आईबाप थकले, की माणसाचा वेळ सामाईक खात्यात जातो. त्याच्या नावावर असतो, पण त्याच्या एकट्याचा राहत नाही. त्यात बायकोचा हिस्सा असतो, पोरांचा असतो, खाटेवरच्या म्हातारीचा असतो. तो वेळ विकायचा तर विका. पण सह्या घ्या. "मी हे सगळं तुमच्यासाठीच करतो" हे वाक्य आपण पुरुष फार बोलतो. खरंही असतं ते. पण ते सहीच्या जागी चालत नाही.

आमच्या घरात हे प्रकरण चार वर्षांपूर्वी आलं. थोरला अंबडला एका कंपनीत आहे. ओटी धरून बत्तीस हजार हातात पडायचे. त्याला चाकणच्या एका कंपनीतून बोलावणं आलं, बावन्न हजारांचं. वीस हजारांचा फरक. आमच्यासारख्या घरात वीस हजार म्हणजे गंमत नाही. त्याच्या मागच्या हंगामात अवकाळीनं बागेचे मणी तडकले होते आणि सोसायटीचं नि बँकेचं मिळून चार लाखांच्या वर देणं होतं.

पोरगं संध्याकाळी माझ्याजवळ आलं. "आप्पा, काय करू? जाऊ का?"

मी म्हणालो, "मला एकट्याला काय विचारतो? सगळ्यांना बसव."

जेवणं झाल्यावर बसलो. मी, आमच्या मंडळी, थोरला, सूनबाई. माझी आई खाटेवर पडून ऐकत होती. सात वर्षांची नात झोपायचं नाव घेत नव्हती, म्हटलं बसू द्या. थोरल्यानं हिशोब मांडला. खोलीचे चार हजार, मेसचे चार, दर आठवड्याला पावणेदोनशे किलोमीटर जाऊन-येऊन एसटीचे तीन. म्हणजे वीसमधून अकरा गेले, उरले नऊ. वर्षाला एक लाख आठ हजार. दोन वर्षं काढली तर निम्मं देणं फिटतं. हिशोब चोख होता. मला तर पटायला लागला होता.

तेवढ्यात सूनबाई म्हणाली, "आप्पा, पैसे लागतात हे मला कळतं. मी नको म्हणत नाही. पण हे गेल्यावर ह्यांची इथली कामं कुणाच्या अंगावर येणार, तेही ह्याच कागदावर लिहा."

मग नातीच्या वहीच्या मागच्या पानावर यादी झाली. पहाटे साडेपाचला डेअरीला दूध. आठवड्यातून तीन-चार रात्री लाईट रात्रीची असते, तेव्हा उठून मोटर चालू करायची. आमच्या भागात बिबट्या फिरतो, त्यामुळं रात्री पाण्याला एकट्या बाईमाणसाला जाता येत नाही आणि माझ्या डोळ्याला रात्रीचं नीट दिसत नाही. आजीला सकाळ-संध्याकाळ उचलून बसवायचं. फवारणीचं औषध कालवायचं. धाकट्याला ताप आला तर पिंपळगावला दवाखान्यात न्यायचं. नातीचं गणित. यादी पंधरा-सोळा ओळींची झाली. थोरला स्वतःच गप्प झाला. एवढं आपण करतो हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

वेळाचा हा गुण मला त्या रात्री नीट समजला. माणूस बाहेर गेला म्हणून त्याचा घरातला वेळ हवेत विरून जात नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो. बहुतेक करून बाईच्या. तिला त्याचा पगार नाही, ओटी नाही, आठवड्याची सुट्टीही नाही. आपण म्हणतो, "मी वेळ दिला आणि पैसे आणले." नीट बघितलं तर निम्मा वेळ तिनं दिलेला असतो आणि पैसे आपल्या नावावर जमा झालेले असतात.

मी थोरल्याला म्हणालो, "दोन वर्षांसाठीच जातोस ना? मुदत घालू. जमीन आपण खंडानं देतोच की."

तर आमच्या मंडळी बोलल्या, एरवी अशा बैठकीत त्या बोलत नाहीत. म्हणाल्या, "खंडानं दिलेली जमीन मुदत संपली की जशीच्या तशी परत येते. ही पोरगी दोन वर्षांनी सात वर्षांची राहणार हाय का?"

द्राक्षवाल्याला हे फोडून सांगायला नको. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली की पुढचं सगळं दिवसांवर चालतं. अमक्या दिवशी फेलफूट, तमक्या दिवशी डिपिंग, तमक्या दिवशी विरळणी. डिपिंगचा दिवस चुकला तर पुढच्या आठवड्यात दुप्पट औषध टाकून मणी फुगत नाही. लेकरांचंही असंच दिवसांचं गणित आहे. पगार दोन वर्षांनी वाढवून मिळू शकतो. "बापू, हे गणित कसं करायचं?" हे विचारायचं वय दोन वर्षांनी मिळत नाही. तोपर्यंत पोरीला एकतर गणित आलेलं असतं किंवा विचारायची सवय गेलेली असते.

असं असलं तरी देणं होतंच. रात्री अकरापर्यंत खल झाला. शेवटी असं ठरलं, की थोरल्यानं जायचं नाही आणि बागेचा जुना एक एकराचा प्लॉट, जो तीन वर्षांपासून नुसता खर्च खात होता, तो तोडायचा. त्यात टोमॅटो नि कांदा करायचा. देणं फिटायला दोन वर्षं जास्त लागतील, ते सगळ्यांनी कबूल करायचं. नातीला शहरातल्या शाळेत घालायचं घाटत होतं, ते राहिलं. ती गावातल्या झेडपीच्या शाळेत राहिली. ह्याला सगळ्यांनी हो म्हटलं. आईनं खाटेवरून "बरं झालं" म्हटलं, तीच तिची सही.

आता कुणी विचारेल, निर्णय बरोबर निघाला का? मी सांगू शकत नाही. चाकणला गेला असता तर काय झालं असतं हे कुणाला ठाऊक? देणं अजून पूर्ण फिटलेलं नाही, थोडं आहे. पण एक खूण सांगतो. दुसऱ्या वर्षी गारपीट झाली. टोमॅटोचा चिखल झाला. घरात चूल पेटली नाही अशी संध्याकाळ होती ती. त्या संध्याकाळी एकानंही "तू तेव्हा गेला असतास तर" असं म्हटलं नाही. म्हणणार कसं? सह्या सगळ्यांच्या होत्या. निर्णय बरोबर की चूक हे दैवाच्या हातात असतं. तो आपला सगळ्यांचा की एकट्याचा, एवढंच आपल्या हातात असतं. नुकसान दोन्हीकडं होतं. सगळ्यांनी मिळून घेतलेल्या निर्णयाचं नुकसान वाटून घेता येतं, एकट्यानं घेतलेल्याचं एकट्याच्या नावावर चढतं.

उलटंही उदाहरण देतो, नाहीतर तुम्ही म्हणाल आप्पा घरी बसायचाच सल्ला देतो. आमच्या भावकीतला एक जण आखातात ड्रायव्हर म्हणून गेला. जायच्या आधी नवरा-बायकोनं बसून ठरवलं होतं. विहीर, पाइपलाइन आणि दोन खोल्या, एवढं झालं की परत. बायकोनं सांगितलं, "मी इकडचं बघते, पण यादीत चौथी गोष्ट घालायची नाही." चार वर्षांनी तो परत आला. तिकडं पगार वाढवून देत होते तरी आला. ते घर आज सुखाचं आहे. त्यानं पगार निवडला, आम्ही वेळ निवडला. दोघांचंही मला बरोबर वाटतं, कारण दोन्हीकडं आकडा आधी ठरला होता आणि सह्या झाल्या होत्या. आकडा ठरलेला नसला की यादीत चौथी, पाचवी गोष्ट येतच राहते. "पुरे" हा शब्द पैसे येण्याआधी ठरवावा लागतो. पैसे आल्यावर तो तोंडातून निघत नाही.

आणि घरी थांबलेल्यांसाठीही दोन शब्द. शेतकरी घरीच असतो, त्याला काय वेळच वेळ, असा शहरातल्या लोकांचा समज आहे. शेतकरी घराजवळ असतो, घरात असतोच असं नाही. आठ दिवस बागेत आन् नवव्या दिवशी मार्केटला, घरी आला की डोळे मोबाईलमधल्या भावांवर. नोकरीवालाही सुट्टीच्या दिवशी घरी असतो नि मान खाली घालून तेच करतो. नुसतं अंग घरात ठेवलं म्हणजे हिस्सा दिला असं होत नाही. पाण्याची पाळी आपली आहे म्हणून मोटर चालू केली आणि बारं धरलंच नाही, तर पाणी भलतीकडंच जातं.

आणखी एक गोष्ट राहिली. एकेकट्या घराला सांगून सगळं भागत नाही. फेब्रुवारी-मार्चात आमच्याकडं द्राक्षाची काढणी ऐन भरात असते. बागांमध्ये सुरगाणा, पेठ भागातली आदिवासी जोडपी उक्त्यानं काम करत असतात. गिरणाऱ्याच्या बाजारात पहाटे त्यांची गर्दी असते. पण होळी आली की ही माणसं निघतात. माल वेलीवर, व्यापारी बांधावर, बागायतदार मजुरी वाढवून देतो म्हणतो, हात जोडतो. ती थांबत नाहीत. होळी आपल्या पाड्यावर, आपल्या माणसांत. आमचे बागायतदार चिडतात, मीही वैतागलो आहे. पण विचार केला की त्यांच्यापुढं मान झुकते. माझ्यापेक्षा गरज त्यांना जास्त, तरी वर्षातले ते दिवस त्यांनी विकायला ठेवलेलेच नाहीत. आणि हे त्यांना जमतं, कारण सगळेच जातात. एकटा निघाला असता तर त्याचं काम दुसऱ्यानं घेतलं असतं.

मुंबईच्या गिरणी कामगारांचंही तेच झालं होतं. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत काम आणि आठवड्याची सुट्टी नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली, सभा घेतल्या, अर्ज केले. १० जून १८९० ला ती सुट्टी मिळाली. आज आपण रविवार म्हणतो तो आकाशातून पडलेला नाही, सहा वर्षं भांडून घेतलेला आहे. कोण्या एका कामगारानं "मी उद्या येत नाही" म्हटलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. सगळ्यांनी मिळून मागितला म्हणून सगळ्यांना मिळाला. जपानात जादा कामानं माणसं मरायला लागली तेव्हा त्यासाठी 'करोशी' असा शब्दच रूढ झाला. आपल्याकडं तसा शब्द यायच्या आधीच कंपनीतल्या पोरांनी आणि शेतकऱ्यांनीही काही दिवस मिळून पाळायला शिकावं. आमच्या आज्याच्या काळी अमावस्येला औत धरत नसत. बैलाला महिन्यातून एक दिवस हक्काचा होता. औत हाकणाऱ्यालाही तो आपोआप मिळायचा.

तेव्हा नव्या पोरांनी पगाराचं पत्र हातात आलं की माझ्यासारख्या म्हाताऱ्याला "जाऊ का?" विचारू नये. एक वही घ्यावी. एका पानावर पगार, खर्च, उरलेले पैसे आणि किती झाले की पुरे, तो आकडा लिहावा. दुसऱ्या पानावर आपण गेल्यावर कोणतं काम कुणाच्या अंगावर पडेल ते लिहावं. मग ज्यांची नावं दुसऱ्या पानावर आली, त्यांना बसवून वाचून दाखवावं आणि त्यांचं बोलणं होईपर्यंत आपण गप्प बसावं. ते जा म्हणाले तर जावं, आणि आकडा भरला की परत यावं. नको म्हणाले तर त्याची झळ सगळ्यांनी मिळून सोसावी.

जमिनीच्या तुकड्यासाठी आपण तलाठ्याकडं दहा खेटे घालतो, सह्या गोळा करतो. वेळाचं खातं तर त्याच्याहून मोलाचं, आणि त्याचं फेरवाटप कुठल्याच कोर्टात होत नाही.